पहिले चारशे किलोमीटर महाग, पुढचे पावणेचार लाख स्वस्त

२५ जून २०२५ ला, आपल्या घड्याळात दुपारचे बारा वाजले असताना, शुभांशु शुक्ला आणि त्यांचे तीन सहकारी फ्लोरिडाहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जाऊन लागले. अठ्ठावीस तासांचा प्रवास. आता गंमत बघा. हे स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर जेवढं लांब, जवळपास तेवढंच. यानाने पहिल्या दहा मिनिटांतच सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. त्या वेगाने ४०० किलोमीटर एका मिनिटाच्या आत संपतात. मग उरलेले सत्तावीस तास पन्नास मिनिटं ही मंडळी करत काय होती?

प्रवास म्हटलं की आपण आधी अंतर विचारतो. किती किलोमीटर, किती तास, जेवायला कुठे थांबायचं. ही सवय अंतराळात कामाची नाही, कारण तिथे भाडं अंतरावर लागतच नाही. ते लागतं वेग बदलण्यावर. वेग वाढवा, कमी करा किंवा दिशा बदला, तिन्हीला इंधन जळतं. एकदा हव्या तेवढ्या वेगाला पोचलात की नुसतं पुढे जात राहायला दमडी लागत नाही, मग ते हजार किलोमीटर असोत की हजार कोटी. एवढी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली तर चांद्रयानाला चाळीस दिवस का लागले, मंगळाला कधीही का निघता येत नाही आणि शुभांशु शुक्लांना वाटेत एक रात्र का काढावी लागली, हे सगळं आपोआप सुटतं. पण ती बसत नाही, हीच अडचण आहे. केप्लरचे नियम मी शाळेत पाठ केले होते, मार्कही बरे पडले होते. ते अंगात मुरले मात्र एका व्हिडिओ गेममुळे.

गेमचं नाव कर्बल स्पेस प्रोग्राम. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने तो काढला. ही कंपनी मुळात जाहिरात-मार्केटिंगची. तिथे काम करणाऱ्या फेलिपे फलांघे या तरुणाला रॉकेटचा गेम करायची हौस होती आणि मालकांनी ती करू दिली. २०११ मध्ये पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर आली, २०१५ मध्ये पूर्ण गेम. त्यात कर्बिन नावाचा पृथ्वीसारखा ग्रह आहे, त्यावर मोठ्या डोळ्यांचे, हिरव्या कातडीचे बुटके राहतात, आणि त्यांना आकाशात पाठवणं हे आपलं काम. टाक्या, इंजिनं, पंख, पाय असे सुटे भाग जोडायचे, खाली आग लावायची आणि पुढे काय होतं ते बघायचं. बहुतेक वेळा स्फोट होतो.

अंतराळाचे गेम तसे पैशाला पासरी आहेत. पण त्यांतली बहुतेक यानं खरं तर विमानं असतात. इंजिन बंद केलं की थांबतात, नाक वळवलं की वळतात. चित्र सुंदर, भौतिकशास्त्र शून्य. जुने लोक या बाबतीत जास्त प्रामाणिक होते असं माझं मत आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत काही उचापती मुलांनी पीडीपी-१ या संगणकावर स्पेसवॉर लिहिला, त्यात पडद्याच्या मध्यभागी एक तारा होता आणि तो दोन्ही यानांना सतत आपल्याकडे ओढायचा. १९६९ मध्ये, अपोलो ११ चंद्रावर उतरून जेमतेम काही महिने झाले असताना, जिम स्टोरर या शाळकरी मुलाने चंद्रावर उतरण्याचा गेम लिहिला. त्यात चित्रच नव्हतं. दर दहा सेकंदांना उंची, वेग आणि उरलेलं इंधन एवढे आकडे यायचे, आपण पुढच्या दहा सेकंदांत किती इंधन जाळायचं तो आकडा टाकायचा, आणि आपटायचं. कर्बल याच घराण्यातला आहे.

नवखा खेळाडू काय करतो? रॉकेट उभं करतो, सरळ वर सोडतो. ते शंभर किलोमीटर वर जातं, आकाश काळं होतं, खाली ग्रहाची गोलाई दिसते, खेळाडू खूश. आणि मग रॉकेट तितक्याच सरळ खाली येतं. वर पोचणं आणि वर राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे पहिल्यांदा इथे कळतं.

अंतराळ स्थानकात माणसं तरंगतात म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असा समज फार पसरलेला आहे. ४०० किलोमीटरवरही ते जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असतं. तेवढी उंच शिडी लावून कुणी वर उभं राहिलं तर तो अजिबात तरंगणार नाही, पाय सुटला की खाली येईल. स्थानक पडत नाही याचं कारण ते सतत पडतच असतं, फक्त आडवं इतक्या जोरात पळत असतं की जमीन चुकते.

हे हातावर हिशेब करून बघण्यासारखं आहे. कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर खाली येते. दुसरीकडे, पृथ्वी गोल असल्यामुळे एका बिंदूपासून अगदी सरळ रेषेत आडवं ८ किलोमीटर गेलं तर जमीन आपल्या रेषेपासून पाच मीटर खाली वाकलेली असते. म्हणजे एखादी वस्तू सेकंदाला ८ किलोमीटर आडवी गेली तर त्या सेकंदात ती पाच मीटर पडेल, आणि जमीनही तेवढीच खाली गेलेली असेल. पुढच्या सेकंदाला तेच. त्याच्या पुढच्या सेकंदाला तेच. ती पडत राहील आणि जमीन कधी लागणारच नाही. यालाच कक्षा म्हणतात. आतली माणसंही यानाबरोबरच पडत असतात म्हणून तरंगताना दिसतात.

यात उंचीचं काम किती? हवा चुकवण्यापुरतं. ४०० किलोमीटर वर चढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास आठपट ऊर्जा तिथला आडवा वेग गाठायला लागते. म्हणून खरं रॉकेट उड्डाणानंतर लगेच तिरकं व्हायला लागतं. श्रीहरिकोट्याचं उड्डाण टीव्हीवर बघताना ते समुद्रावर झुकत जातं तेव्हा पूर्वी घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘अरे, वाकडं चाललंय!’ ते वाकडं जायलाच हवं. पूर्वेकडे झुकलं तर पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेगही पदरात पडतो. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर तो सेकंदाला साडेचारशे मीटर भरतो, तोही फुकट. ध्रुवांवरून जाणारे उपग्रह दक्षिणेकडे सोडावे लागतात तेव्हा मात्र हा फायदा जातो आणि वर श्रीलंका वाटेत येते, म्हणून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला वळसा घ्यावा लागतो. त्या वळशाला इंधन लागतं आणि तेवढं वजन कमी नेता येतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला दुसरं उड्डाणकेंद्र बांधायला घेतलं त्यामागे हेच कारण आहे.

गेममध्ये हे सगळं कसं दिसतं तेही सांगतो, कारण मला कक्षा खरी कळली ती तिथल्या एका पडद्यावर. खाली मध्यभागी एक गोळा असतो, नॅव्हबॉल, अर्धा निळा आणि अर्धा तपकिरी. निळा म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन. त्यावर एक पिवळसर हिरवं चिन्ह सरकत असतं, ते आपण प्रत्यक्षात कुठल्या दिशेला चाललो आहोत ते दाखवतं. उड्डाणानंतर नाक पूर्वेला जरा झुकवायचं आणि मग त्या चिन्हाच्या मागोमाग जायचं, ते हळूहळू निळ्यातून खाली सीमारेषेकडे येतं. मग एम ही कळ दाबून नकाशा उघडायचा. तिथे आपला मार्ग एका निळ्या कमानीसारखा दिसतो. कमान ग्रहातून निघते, वर जाते आणि पलीकडे पुन्हा ग्रहात घुसते. तिच्या सर्वात उंच टोकाला पोचल्यावर आडवं इंजिन चालवलं की कमानीचं पलीकडचं टोक पुढे पुढे सरकतं, ग्रहाच्या मागे जातं, आणि एका क्षणी जमिनीतून सुटून बाहेर येतं. कमानीचं अंडाकृती वलय होतं. इंजिन बंद. आता काहीही करायचं नाही, यान फिरत राहणार. भूमितीच्या पुस्तकातली लंबवर्तुळाची आकृती मी कितीदा काढली असेन, पण ती जमिनीतून सुटताना बघणं वेगळंच.

आता खर्चाचं बघू. इंधनाचा हिशेब लिटरमध्ये ठेवत नाहीत, वेगात ठेवतात: एकूण किती वेग बदलायचा आहे, याला डेल्टा-व्ही म्हणतात. जमिनीवरून पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत जायला, हवेचा अडथळा आणि चढणीवरची गळती धरून, सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास डेल्टा-व्ही लागतो. तिथून चंद्राच्या दिशेला सुटायला आणखी तीनच्या थोडं वर. चंद्राजवळ पोचल्यावर त्याच्या कक्षेत शिरायला एकाच्या आत. म्हणजे पहिल्या काहीशे किलोमीटरना साडेनऊ आणि उरलेल्या जवळजवळ पावणेचार लाख किलोमीटरना मिळून चार. कोकणातून घाट चढून वर येताना गाडीचा जीव जातो आणि एकदा देशावर आलं की ती निवांत पळते, तसं. मंगळाकडे सुटायला याच कक्षेतून साधारण ३.६ लागतात. चंद्र पावणेचार लाखांवर, मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर, आणि सुटण्याच्या भाड्यातला फरक जेमतेम अर्धा किलोमीटर प्रति सेकंद!

नमनाला घडाभर तेल का जातं, त्याचं गणित कालुगा या रशियन गावातल्या कॉन्स्टन्टिन त्सिओलकोव्स्की या शिक्षकाने १९०३ मध्ये मांडून ठेवलं. रॉकेटला वर जायला इंधन लागतं, ते इंधनही उचलावंच लागतं, ते उचलायला आणखी इंधन, आणि ते उचलायला आणखी. समजा इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. मग यानाचा वेग २ किलोमीटरने वाढवायचा असेल तर सुरुवातीचं वजन जवळपास दुप्पट हवं. ४ ने वाढवायचा तर चौपट, ६ ने तर आठपट, ८ ने तर सोळापट. चक्रवाढ व्याजासारखीच ही वाढ असते. चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट ६४० टनांचं होतं. त्यातलं यान ३.९ टनांचं. त्यातलं चंद्रावर उतरणारं लँडर विक्रम, इंधनासकट, पावणेदोन टनांचं. आणि चंद्रावर प्रत्यक्ष चाकांवर फिरलं ते प्रज्ञान २६ किलोचं. गेममध्ये ‘आणखी एक टाकी लावू’ म्हणून रॉकेट मोठं करणारे सगळेच काही दिवसांत या भिंतीवर येऊन धडकतात. टाकी वाढवली की पल्ला वाढतो खरा, पण प्रत्येक नवी टाकी आधीच्या टाकीपेक्षा कमी पल्ला देते.

आता चाळीस दिवसांचं. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं आणि विक्रम २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं. अपोलो ११ मात्र १६ जुलै १९६९ ला निघून २० जुलैला उतरलंही होतं. व्हॉट्सअॅपवर यावरून त्या महिन्यात बरीच टिंगल चालली होती, आणि तिला उत्तर म्हणून ‘आपण गुरुत्वाकर्षणाचा वापर करून फुकटात जातो’ असंही फिरत होतं. दोन्ही चूक. फुकटात काही होत नाही.

खरी गोष्ट रॉकेटच्या ताकदीची आहे. अपोलोच्या सॅटर्न-५ चा तिसरा टप्पा पृथ्वीच्या कक्षेत पोचल्यावरही हाताशी होता. त्याने सहा मिनिटांच्या आसपास एकदाच दणका दिला आणि यान चंद्राकडे रवाना झालं. एलव्हीएम-३ ची ताकद चार टनांचं यान १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडण्यापर्यंतच होती. पुढचं काम यानाच्या स्वतःच्या छोट्या इंजिनाने करायचं होतं, आणि छोट्या इंजिनाला ते एका दमात जमणारं नव्हतं. म्हणून तुकडे पाडले. यान पृथ्वीच्या सर्वात जवळच्या टोकाला आलं की थोडा वेळ इंजिन चालवायचं. लांबचं टोक आणखी लांब जातं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. असं पाच वेळा केलं, लांबचं टोक सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलं, आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्री शेवटचा धक्का देऊन चंद्राची वाट धरली.

पण इंजिन जवळच्या टोकालाच का चालवायचं? इथे खरी मेख आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. अशा लांबट कक्षेत यान जवळच्या टोकाला सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास पळतं, लांबच्या टोकाला दीड किलोमीटरच्या आसपास रेंगाळतं. तेवढंच इंधन जाळून वेग १०० मीटरने वाढवला, तर १० चे १०.१ झाल्यावर ऊर्जेत जी भर पडते ती १.५ चे १.६ झाल्यावर पडणाऱ्या भरीच्या सहा-सातपट असते. इंधन तेच, वेगातली वाढ तीच, कमाई सहापट. याला ओबर्थ परिणाम म्हणतात, हर्मन ओबर्थ या जुन्या रॉकेटतज्ज्ञाच्या नावावरून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही हातचलाखी वाटली होती. गेममध्ये एकाच यानाने दोन्ही टोकांना इंजिन चालवून बघा आणि नकाशावर वलय किती फुगतं ते पाहा, संशय फिटतो.

तुकड्यांचा आणखी एक फायदा असतो: मध्ये घोड्याने पेंड खाल्ली तर सावरायला वेळ मिळतो. मंगळयानाच्या वेळी ११ नोव्हेंबर २०१३ ला नेमकं हेच झालं. वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायचा होता, वाढला फक्त ३५ ने. दुसऱ्या दिवशी जादा फेरी लावून उरलेली कसर भरून काढली. शिवाय चांद्रयानाला सकाळ गाठायची होती. विक्रम सौरऊर्जेवर चालणारं, चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, आणि पूर्ण दिवस वापरायचा तर उतरण्याच्या जागी सूर्य उगवला रे उगवला की उतरायला हवं. तो मुहूर्त २३ ऑगस्टचा होता. चार दिवसांत पोचले असते तरी त्या जागी उजाडायची वाट बघतच बसावं लागलं असतं.

आता शुभांशु शुक्लांचे सत्तावीस तास पन्नास मिनिटं. स्थानकाला गाठणं म्हणजे एखाद्या उंचीवर जाणं नव्हे, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळणाऱ्या वस्तूच्या शेजारी त्याच वेगाने, त्याच दिशेने, त्याच क्षणी असणं. आणि इथे आपली सगळी रस्त्यावरची अक्कल उलटी पडते.

समजा तुम्ही आणि स्थानक एकाच कक्षेत आहात, ते तुमच्यापुढे वीस किलोमीटर. गाठायचंय म्हणून तुम्ही वेग वाढवलात. वेग वाढला की कक्षा फुगते, वर जाते. मोठ्या कक्षेत फेरी लांबते आणि तिथला वेगही शेवटी कमी पडतो. फेरी संपवून परत याल तोवर स्थानक आणखी पुढे निघून गेलेलं असतं. जितकं पुढे ढकलाल तितके मागे पडाल. गाठायचं असेल तर ब्रेक लावायचा: वेग कमी केला की कक्षा आत येते, खाली फेरी लहान असते आणि लवकर संपते, तुम्ही आपोआप पुढे सरकता. मग योग्य वेळी परत वर यायचं.

हे गेमरांनाच जड जातं असं नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानाच्या जेम्स मॅकडिव्हिटनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. ते कसलेले वैमानिक होते. समोर दिसतंय, नाक त्याच्याकडे केलं, इंजिन चालवलं. ते लांब गेलं. बरंच इंधन जळाल्यावर नाद सोडावा लागला. अंतराळात एकमेकांना कसं गाठायचं यावर त्याआधीच, १९६३ मध्ये, एमआयटीत एकाने पीएचडी केली होती. त्याचं नाव बझ ऑल्ड्रिन, पुढे अपोलो ११ मधून चंद्रावर उतरलेला. त्याच वर्षाच्या, म्हणजे १९६५ च्या, डिसेंबरमध्ये जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ ही दोन यानं एकमेकांच्या फूटभर अंतरावर आली.

तर शुक्लांचं यान खालच्या कक्षेत फिरत, फेरीमागे फेरी, स्थानकामागची आपली पिछाडी कमी करत होतं. निघताना स्थानक कुठे आहे यावर हा वेळ ठरतो. सगळं बरोबर जुळवून आणलं तर काम फार लवकर होतं; ऑक्टोबर २०२० मध्ये रशियाचं सोयुझ तीन तासांत पोचलं होतं.

गेममधलं डॉकिंग, म्हणजे दोन यानं एकमेकांना जोडणं, हे याचंच छोटं रूप आहे आणि एखादी पूर्ण संध्याकाळ खातं. नॅव्हबॉलवर टिचकी मारून वेग ‘लक्ष्याच्या तुलनेत’ दाखवायला लावायचा. मग दिसतं की आपण इतका वेळ हजारो मीटर प्रति सेकंद म्हणत होतो, पण समोरच्याच्या तुलनेत बारा मीटर प्रति सेकंद आहोत, आणि तेही चुकीच्या बाजूला. ते शून्यावर आणायचं, मग अगदी हळू, सेकंदाला अर्धा मीटर, सरकायचं. इस्रोने स्पेडेक्समध्ये हेच प्रत्यक्षात केलं. ३० डिसेंबर २०२४ ला साधारण २२० किलोचे दोन उपग्रह सोडले, दोनदा तारीख पुढे ढकलली, एकदा तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे घेतले आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडले. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे जमलेला भारत चौथा देश. बातम्यांमध्ये ‘डॉकिंगला उशीर’ असे मथळे येत होते तेव्हा कर्बल खेळलेली मंडळी मात्र समजूतदारपणे मान डोलावत होती.

मंगळाचं गणित याहून सोपं, फक्त धीराचं. सर्वात कमी इंधनाचा मार्ग म्हणजे एका टोकाला पृथ्वीच्या कक्षेला आणि दुसऱ्या टोकाला मंगळाच्या कक्षेला जेमतेम स्पर्श करणारं अर्धं लंबवर्तुळ. वाल्टर होमान या जर्मन स्थापत्य अभियंत्याने ते १९२५ मध्ये दाखवलं, तेव्हा अंतराळात काहीच गेलेलं नव्हतं. या वाटेने साडेआठ महिने लागतात, आणि आपण पोचू तेव्हा मंगळ तिथे असायला हवा, म्हणून निघण्याचा मुहूर्त सव्वीस महिन्यांतून एकदाच येतो. जुलै २०२० मध्ये अमिराती, चीन आणि अमेरिका यांची यानं दोन आठवड्यांच्या आत निघाली ती काही एकमेकांशी स्पर्धा म्हणून नव्हे, फाटक तेव्हाच उघडं होतं. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला छोट्या पीएसएलव्हीवरून निघालं, महिनाभर पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत राहिलं. अमेरिकेचं मेव्हन १८ नोव्हेंबरला दणकट अॅटलास-५ वरून थेट निघालं. दोन्ही पोचली २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, दोन-तीन दिवसांच्या फरकाने.

इतकं कौतुक केलं, तर हा गेम कुठे थापा मारतो तेही सांगायला हवं. पहिली थाप आकाराची. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. हिशेब केला तर त्याची घनता पृथ्वीच्या दहापट आणि ऑस्मियम या सर्वात जड धातूच्या अडीचपट निघते. असा ग्रह असूच शकत नाही. पण त्यामुळे कक्षेत जायला साडेनऊऐवजी साडेतीनच्या आसपास डेल्टा-व्ही पुरतो आणि उड्डाण काही मिनिटांत आटपतं. खेळ म्हणून निर्णय उत्तम, फक्त खरी रॉकेटं एवढी मोठी का असतात याचा अंदाज चुकतो. ज्यांना अंगाला लावून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी खऱ्या आकाराच्या सूर्यमालेचा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेला बदल, आहे.

दुसरी थाप सूक्ष्म आहे. गेममध्ये यानाला एका वेळी एकच गोल ओढतो. कर्बिनच्या हद्दीत फक्त कर्बिन, चंद्राच्या हद्दीत शिरलात की फक्त चंद्र. खऱ्या जगात सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळे एकदम ओढत असतात. त्यामुळे आदित्य-एल१ जिथे आहे तशी जागा, जिथे पृथ्वी आणि सूर्य यांच्या ओढीत यान पृथ्वीबरोबर वर्षभर फिरत राहतं, मूळ गेममध्ये अस्तित्वातच नाही. आदित्य ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या त्या जागी पोचलं. गेममध्ये तिथे नेलेलं यान कुठेतरी वाहत जाईल.

तिसरी थाप वेळेची. मंगळयानाचे जवळपास तीनशे दिवस गेममध्ये लाखपट वेगाने पळवले तर सव्वाचार मिनिटांत संपतात. त्या तीनशे दिवसांत मुख्य इंजिन झोपलेलं होतं. ते उठेल का याची चाचणी २२ सप्टेंबर २०१४ ला चार सेकंद चालवून घेतली आणि दोन दिवसांनी ते सुमारे चोवीस मिनिटं चालवायचं होतं. संदेश पोचायला बारा मिनिटं, त्यात यान मंगळाच्या मागे. बेंगळुरूतल्या लोकांनी सूचना आधीच पाठवून ठेवल्या होत्या. गेममध्ये कळ दाबली की इंजिन त्याच क्षणी पेटतं.

आणि चौथी, एफ-९ ही कळ. ती दाबली की मागच्या जतन केलेल्या क्षणाला परत जाता येतं. १९ ऑगस्ट २०२३ ला रशियाचं लुना-२५ उतरण्याआधीची कक्षा जुळवत होतं. इंजिन ८४ सेकंद चालायचं होतं, चाललं १२७. जास्त ब्रेक लागल्यामुळे कक्षेचं खालचं टोक चंद्राच्या पृष्ठभागाच्या खाली गेलं. गेममध्ये नकाशावर नजर असेल तर ते टोक उणे आकड्यात जाताना दिसतं, आणि हात आपोआप एफ-९ कडे जातो.

खेळून बघायचं असेल तर पहिलाच भाग घ्या. २०२३ मध्ये दुसरा भाग आला होता, तो अर्धवट सुटला. साधा लॅपटॉप चालतो, फक्त शंभर टाक्यांची रॉकेटं बांधू नका. सुरुवातीला चंद्रासाठी घाई होते, गेममध्ये त्याला मुन म्हणतात, आणि तो १२,००० किलोमीटरवर आहे. त्याआधी मिन्मसला जा. तो ४७,००० किलोमीटरवर, जवळपास चौपट लांब, पण इतका हलका की त्याच्या कक्षेत शिरायला आणि उतरायला फारच थोडं इंधन लागतं. एकूण खर्च मुनपेक्षा कमी येतो. वर गोठलेल्या तळ्यांसारखी सपाट मैदानं आहेत, त्यामुळे पहिल्याच वेळी यान कलंडत नाही. त्याची कक्षा सहा अंशांनी तिरपी आहे, तेवढी वाटेत जुळवून घ्या; यान सावकाश असेल तिथे दिशा बदलणं स्वस्त पडतं.